मगनवाडीचा कंदील आणि पेट्रोलमधला मका

चिमणीत आणि कंदिलात आपण जे तेल जाळत होतो, त्याला आपल्याकडे तीन नावं आहेत. घासलेट, रॉकेल आणि मातीचं तेल. घासलेट म्हणजे इंग्रजी 'गॅसलाइट'चा अपभ्रंश, रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल'. तिसरं नाव तेवढं आपलं वाटतं, पण ती मातीही परमुलखातलीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल अमेरिकेतून, मग रशियातून आणि ब्रह्मदेशातून डबे भरभरून यायला लागलं. त्याआधी गावात उजेड व्हायचा तो जवस, करडई, तीळ, करंजी यांच्या तेलावर. बी शेतातलं किंवा धुऱ्यावरच्या झाडाचं, घाणा गावातल्या तेल्याचा, आणि उरलेली ढेप गोठ्यात नाहीतर वावरात.

रॉकेल आलं आणि लोकांनी ते घेतलं. घेतलं ते बरंच केलं असं मी म्हणेन. पातळ तेल, वातीतून भरभर चढणारं, उजेड जास्त. अंधारात भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तेव्हा कोणी अर्थशास्त्र सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. पण दिव्याचं तेल दुकानातून यायला लागल्यावर गावातला पैसा बाहेर जाऊ लागला. पुढे गिरण्यांचं तेल आलं आणि घाणेही एकेक करून बसले.

आज 'जैवइंधन' हा शब्द रोज कानावर येतो. इथेनॉल, बायोडिझेल, पेट्रोलला पर्याय. ऐकताना वाटतं की ही दिल्लीची किंवा परदेशातली नवी कल्पना आहे. पण आपल्या सेलूहून वर्ध्याला गेलं की जी मगनवाडी लागते, तिथे हा प्रश्न ८०-८५ वर्षांपूर्वी एका कंदिलाच्या रूपाने सोडवायला घेतला होता. ती गोष्ट आपल्याच तालुक्यात फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून आज सांगते.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं मुख्य ठाणं वर्ध्याला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिथलं घर दिलं आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. सेवाग्रामला राहायला जाण्यापूर्वी गांधीजी इथेच राहत होते. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचा माणूस, लंडनला हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला. तो वर्ध्यात येऊन घाणा, हातकागद, गूळ आणि मधमाश्या यांचा हिशेब मांडत बसला. झवेरभाई पटेलांनी इथेच तेलघाणीवर काम केलं आणि सुधारलेली घाणी तयार केली. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे.

याच मगनवाडीतून 'मगनदीप' आला. रॉकेलच्या कंदिलासारखाच दिवा, पण जळायचं ते वनस्पतीचं तेल. आता ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. बियांचं तेल दाट असतं. ते वातीतून उंच चढत नाही, म्हणून तेल ज्योतीच्या जवळच ठेवावं लागतं. वातीवर काजळीचा खडा धरतो, तो झाडावा लागतो. तो झाडायचं काम कुणाच्या वाट्याला आलं असेल ते मी सांगायला नको.

कुमारप्पांना रॉकेलचं एवढं वावडं का होतं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात ते निसर्गाच्या संपत्तीचे दोन प्रकार करतात. एक साठा: कोळसा, खनिज तेल, लोखंड. काढलं तेवढं कमी होतं. दुसरा प्रवाह: झाडं, पिकं, जनावरं. नीट वागलं तर दरसाल येत राहतं. त्यांचं म्हणणं असं की जो साठ्यावर जगतो त्याला साठ्यासाठी भांडावं लागतं आणि लढाया त्यातूनच होतात. पुरावा समोरच होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारं तेल थांबलं. आपल्याकडे रॉकेलची चणचण झाली, पेट्रोलवर रेशन आलं, कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवायची वेळ आली.

पण कुमारप्पांची दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे आणि तीच आज विसरली जाते. दिव्यात जाळायचं ते खाण्याचं नसलेलं तेल. आणि जमिनीवर पहिला हक्क पोटाचा. गिरण्यांसाठी ऊस, तंबाखू, लांब धाग्याचा कापूस लावून धान्याची जमीन कमी करायला त्यांचा विरोध होता. आधी गावाला लागणारं धान्य, डाळ, तेल, भाजी, दूध यांचा हिशेब करा, मग उरलेल्या जमिनीचं बोला, असं ते सांगत.

मगनदीप टिकला नाही. लढाई संपली, रॉकेल परत आलं, पुढे रेशनच्या दुकानात स्वस्तात मिळू लागलं, मग वीज आली. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. सोयीचं होतं ते राहिलं.

तेलाला पर्याय शोधणं मात्र थांबलं नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या देशात १९४८ मध्येच पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदा झाला, तो बरीच वर्षं कागदावरच राहिला. २००१ मध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड.

मग आली चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने तिच्यावर मोठा भरवसा ठेवला. पडीक जमिनीवर लावा, पाणी लागत नाही, जनावर खात नाही, बियांतून डिझेल निघेल. पुरेसं डिझेल हवं तर एक कोटी हेक्टरच्या वर लागवड लागणार होती. पाणी न देता झाड जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बी भरणं वेगळं, हे कोरडवाहू शेतकरणीला विचारलं असतं तर तिने फुकटात सांगितलं असतं. बी कमी आलं, वेचायची मजुरी परवडली नाही, घेणारा कुणी दिसला नाही. आणि ज्याला कागदावर 'पडीक' म्हणतात तिथे आपल्या शेळ्या चरतात, तिथून सरपण येतं. आता चंद्रज्योतीचं नाव पेपरात येतं ते मुलांनी बिया खाल्ल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा.

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मात्र मला बचतगटांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगावीशी वाटते. यवतमाळ-चंद्रपूरला लागून तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा. तिथे पॉवरगुडा नावाचा छोटा आदिवासी पाडा आहे. तिथल्या महिला गटांनी २००२ मध्ये करंजीची साडेचार हजार झाडं लावली. बिया गोळा करायच्या, तेल काढायचं, ते डिझेलऐवजी इंजिनात वापरायचं, ढेप खत म्हणून शेतात टाकायची. दहा वर्षांत त्यामुळे १४७ टन कार्बन डायऑक्साइड कमी निघेल असा हिशेब झाला आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक बँकेने त्याचे ६४५ डॉलर दिले. तेव्हाच्या भावाने तीस हजारांच्या आत-बाहेर. रक्कम लहानच आहे. पण झाडं धुऱ्यावरची आणि जंगलाच्या कडेची, तेल न खाण्याचं, आणि पैसा आला तो गटाकडे. कुमारप्पांच्या दोन्ही अटी तिथे पाळल्या गेल्या, त्यांचं नावही न घेता.

आता आजचं बघू. २०१३-१४ मध्ये आपल्या पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, तेव्हा तेवढं परकीय चलन वाचतं हे मान्य करायला हवं. लिटरमागे इथेनॉलची ताकद मात्र पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. आणि ते येतं कशातून? आधी मळीतून आणि उसाच्या रसातून. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखरेची चिंता पडली, तेव्हा डिसेंबरात सरकारने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, ती पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. मधल्या काळात मका पुढे आला. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. स्कूटीत पाच लिटर पेट्रोल भरलं तर त्यात एक लिटर इथेनॉल, आणि ते सगळं मक्याचं असेल तर अडीच किलोहून जास्त मका आपण टाकीत ओतला. याशिवाय २०२४-२५ साठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळही इथेनॉलला देण्याचं ठरलं.

तुम्ही म्हणाल, आपण मका लावत नाही, आपल्याला काय? आपण सोयाबीन लावतो ना. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातो. तो सोयाबीनच्या ढेपेपेक्षा स्वस्त. ढेपेला मागणी कमी झाली की सोयाबीनचा भाव उतरतो. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना त्याखाली विकावं लागलं, ते आपल्या सगळ्यांच्या घरात झालं. त्याला बाहेरून येणारं स्वस्त खाद्यतेल हे कारण होतंच, पण हा चोथाही एक कारण आहे. मका लावणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, ते मिळावेतच. पण इंधनाचा कारखाना कुठेतरी दूर चालतो आणि त्याची झळ सेलूच्या बाजारात लागते, हे आपल्याला दिसायला हवं.

म्हणून मला पिकापेक्षा टाकाऊ वस्तूंच्या इंधनाबद्दल जास्त आशा आहे. शेणाचा गोबरगॅस आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत चालला, जिथे जनावरं राहिली तिथे अजून चालतो. हरियाणात पानिपतला २०२२ पासून धानाच्या तणसापासून इथेनॉल करण्याचा कारखाना आहे. आणि आपल्याकडे आहे पऱ्हाटी. तिच्या कांड्या आणि गोळ्या करून बॉयलरमध्ये जाळायचं काम विदर्भात सुरू झालंच आहे. औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात असं जैवइंधन मिसळायला सरकारने सांगितलं आहे.

इथे जरा थांबायला हवं. उलंगवाडी झाली की पऱ्हाटी उपटायची आणि त्या बदल्यात सरपण घरी न्यायचं, ही भूमिहीन बाईची वर्षभराची सोय आहे. उज्ज्वलाचं सिलिंडर २०१६ नंतर घरोघरी आलं, पण भरून आणायला पैसे नसले की चूलच पेटते. पऱ्हाटीला भाव आला तर तो शेताच्या मालकाला मिळेल, आणि तिला सरपणासाठी बोरच्या जंगलाकडे जावं लागेल, जिथे वाघ आहे. मगनवाडीच्या हिशेबात ही बाई धरलेली होती. आताच्या हिशेबात ती कोण धरणार?

आपल्या काही गावांत पऱ्हाटी घेणारे लोक फिरायला लागले आहेत. तेव्हा पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. आपल्या गावात पऱ्हाटीवर किती चुली चालतात त्याची यादी. त्यांचं सरपण बाजूला काढून मगच उरलेली विकायची. आणि गोळा करणं, मोळ्या बांधणं, वजन करणं हे काम गटाकडे घ्यायचं, काटा आपला ठेवून. यादीसाठी प्रत्येक गटाने एक जण नेमून पाठवा, वही सोबत आणा.