मालिकेबाहेरचे शिरवळकर

रहस्यकथेचा वाचक लेखकाशी नव्हे, तर त्याच्या नायकाशी बांधलेला असतो, ही बाब आपल्या रंजनप्रधान साहित्याच्या इतिहासलेखनात पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके ‘झुंजार’च्या नावाने मागितली जात. सुहास शिरवळकरांच्या (१९४८–२००३) बाबतीतही दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी ही नावे लेखकाच्या नावाआधी ओठांवर येत. कन्हानसारख्या कोळसाखाणींच्या परिसरातील गावात, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात, प्रस्तुत लेखकाने नव्वदच्या दशकात ऐकलेला प्रश्न असा : ‘दाराचं नवीन आलं का जी?’

‘दुनियादारी’ (१९८२) या वाचकाच्या हाती पडते तेव्हा काय होते? तीत नायकाची मालिका नाही, गुन्हा नाही. पुण्यातील महाविद्यालयीन कट्टा आहे, मैत्री आहे, घरातील तुटलेपण आहे. खाणीतून पाळी संपवून येणाऱ्या एका गृहस्थांनी ती दुसऱ्याच दिवशी परत केली. ‘यात खूनच नाही,’ एवढीच त्यांची समीक्षा.

ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी मोकळीक हवी म्हणून कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले, तेव्हा वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली आणि अखेर लेखकाला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे असा संताप नव्हता. पुस्तक मुकाट्याने परत फळीवर गेले. दुसऱ्या बाजूला समीक्षेने शिरवळकरांना ‘रहस्यकथाकार’ म्हणून आधीच निकालात काढलेले असल्याने तिने ते फळीवरून उचललेही नाही. रत्नाकर मतकरींपुढे हा पेच तितक्या तीव्रतेने उभा राहिला नाही. गूढकथेचा वाचक आणि ‘लोककथा ’७८’चा प्रेक्षक यांच्यात माध्यमाचीच भिंत होती. शिरवळकरांना मात्र दोन्ही वाचक कादंबरीतच शोधायचे होते.

वस्तुतः ‘दुनियादारी’ ही रहस्यकथेपासूनची फारकत नव्हेच. संवादांचा वेग आणि प्रसंग ताणून धरण्याची हातोटी मालिकांच्या लेखनातूनच आलेली आहे. तिची भावविवशता अनेकदा खटकते, हेही मान्य केले पाहिजे. तथापि तिला जो वाचक मिळाला तो नवा होता, आणि २०१३ साली संजय जाधव यांचा चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. कन्हानच्या त्या दुकानातील प्रत पुढे महाविद्यालयात जाणारी मुले नेऊ लागली. दुकानदाराने ती दाराच्या फळीवरून काढून गल्ल्याजवळ ठेवली होती. तिची पाने सुटून आली होती.