मातीचं गणित

मराठवाड्यातल्या माणसाला माती वेगळी शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगून चपलेला चिकटते. आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) घर बांधताना गवंडीच सांगतो, मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर भिंती तडकतील. पण आपली माती छळते ती हळूहळू. क्षणात पातळ होऊन वाहणारी माती असते हे आपल्याकडे कुणाला सांगून पटत नाही.

नॉर्वे, स्वीडन, कॅनडात ती आहे. हिमयुगाच्या शेवटी समुद्रतळाशी चिकणमाती साचली. बर्फाचा भार गेल्यावर जमीन वर उचलली गेली आणि हजारो वर्षांत गोड्या पाण्याने मातीतलं मीठ धुऊन नेलं. उरला पत्त्यांचा बंगला... हलवेपर्यंत घट्ट, हलला की ताक! १९७८ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या रिसा इथे एका शेतकऱ्याने गोठा वाढवायला खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याकाठी टाकली. तेवढ्या निमित्ताने ५० लाखांहून जास्त घनमीटर जमीन घसरली.

हे आधी कळेल का, हा प्रश्न जुना आहे. १९१६ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराच्या काठाचा एक भाग घसरला. तपास करणाऱ्या इंजिनियरांना दिसलं की माती साधारण वर्तुळाच्या कमानीवरून सरकते. मग त्या कमानीवरच्या मातीचे पावासारखे उभे काप कल्पायचे आणि मांडायचं, वजनाची ओढ किती आणि मातीची पकड किती. सगळ्यात धोक्याची कमान कोणती हे आधी ठाऊक नसतं, म्हणून पुन्हा पुन्हा तीच आकडेमोड. १९५५ मध्ये लंडनच्या बिशप यांनी रीत सुधारली, पण हिशोब आणखी लांबला. १९५८ मध्ये लिटल आणि प्राइस यांनी तो संगणकाकडून करून घेतल्याचं प्रसिद्ध केलं.

तरी त्या पातळ होणाऱ्या मातीला हे पुरत नाही. एक तुकडा सुटला की मागच्याचा आधार जातो, मग त्याच्या मागचा. कमानीचं गणित पहिला तुकडा सांगतं, शेवटचा नाही. म्हणून अलीकडची मॉडेलं माती म्हणजे असंख्य बिंदू धरून ती कशी फुटेल, कुठवर वाहील हे टप्प्याटप्प्याने मोजतात.

आपल्या सह्याद्रीत ही माती नाही. तिथे झिजलेल्या बेसाल्टवरचा थर अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होतो, आत पाण्याचा दाब वाढतो आणि पकड सुटते. पण प्रश्न तोच, ओढ किती आणि पकड किती. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या ड्रायव्हरच्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, यादीत असती तर वाचली असती. कदाचित. पण ३० डिसेंबर २०२० ला नॉर्वेतल्या येर्द्रुममध्ये १० माणसं गेली, आणि तिथे तर त्या भागात ही माती असल्याची नोंद आधीपासून होती. चौकशीत निघालं की एक ओढा उताराचा पायथा कोरत गेला होता.

मला वाटतं, मुद्दा इथेच आहे. संगणक उत्तर देतो ते आपण मोजून दिलेल्या उताराचं. उतार मात्र दर पावसाळ्यात बदलतो. ओढा कुठे कोरतोय, झाडं कुठे कलली, हे कुणीतरी जाऊन बघावंच लागतं, आणि ते त्या वाडीतल्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. त्याने सांगितलेलं ऐकून घेणारं कुणी हवं, एवढंच.

असो. आपल्याकडे जमिनीला भेग पडली की आपण म्हणतो, उन्हाळा आला. घाटाकडच्या पाहुण्यांकडे पावसाळ्यात जाल आणि घरामागच्या उतारावर भेग दिसेल, तर तसं म्हणू नका. तलाठ्याला सांगा, आणि त्या रात्री तिथे झोपू नका.