आठ उंदरांची रात्र

शनिवार, 25 मे 1940. सकाळचे अकरा वाजलेत आणि तुम्ही ऑक्सफर्डला, सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत उभे आहात. तिकडे फ्रान्समध्ये ब्रिटिश फौज डंकर्कच्या किनाऱ्याकडे रेटली जातेय. इथे संशोधक हॉवर्ड फ्लोरी एकामागून एक आठ पांढऱ्या उंदरांच्या पोटात सुई टोचताहेत. प्रत्येकाला सुमारे 11 कोटी स्ट्रेप्टोकॉकस जंतू. मरण ओढवायला पुरेसे.

जंतू पोटात थांबत नाहीत. ते रक्तात उतरतात, वाढतात, रक्ताबरोबर सगळ्या अवयवांत पोचतात. बाळंतपणानंतर तापाने फणफणून दगावणाऱ्या बाईच्या अंगात हेच घडत असतं. पण ती इस्पितळात येते तेव्हा जंतू कधी शिरले, किती शिरले, हे कुणालाच सांगता येत नाही. इथे घटका ठाऊक आहे आणि आकडाही.

बाराच्या सुमारास चार उंदरांना पेनिसिलीन टोचतात. त्याची तपकिरी पूड महिनोन् महिने बुरशी वाढवून जेमतेम चिमूटभर हाती आलेली. दोघांना एकदाच, 10 मिलिग्रॅम. दोघांना 5 मिलिग्रॅम, आणि रात्री दहापर्यंत आणखी चार वेळा तेवढंच. कारण मूत्रपिंडं हे औषध भराभर बाहेर टाकतात.

उरलेल्या चौघांना काहीच नाही.

संध्याकाळ होते तसे ते चौघे अंग फुलवून कोपऱ्यात बसतात. औषध त्याच खोलीत आहे. तुमचा जीव तुटेल, तुटावाच. पण त्यांनाही सुई दिली तर शेजारचे चार कशामुळे तगले, हे कसं कळणार? जंतूच दुबळे निघाले असतील, अशी शंका उरेलच. ती शंका हे चौघे आपल्या जिवाने फेडताहेत. पेनिसिलीनच्या गोष्टीत वाचलेल्या उंदरांचं कौतुक होतं. मला वाटतं, पुरावा या चौघांनी दिला.

रात्री नॉर्मन हीटली पिंजऱ्यांपाशी बसलेला आहे. पेनिसिलीन शुद्ध करून घेण्याची युक्ती त्याचीच. तो उंदरांकडे बघतो, वेळ टिपतो. मध्यरात्र उलटते. पहाटे पावणेचारपर्यंत बिनऔषधाचे चारही उंदीर मेलेले असतात. औषध मिळालेले चारही जिवंत. युद्धामुळे दिवे मालवलेल्या गावातून तो सायकलने घरी निघतो.

हे उंदीर होते, हेही नशीबच. गिनीपिग घेतले असते तर हेच औषध त्यांना बाधलं असतं आणि कदाचित पूड कायमची बाजूला पडली असती. एका प्राण्याचं शरीर दुसऱ्याची हमी देत नाही. फ्लोरींचा चमू प्रयोग पुन्हा पुन्हा करतो, दुसरे जंतू घेऊन करतो आणि 24 ऑगस्टला निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापतो.

आता 12 फेब्रुवारी 1941 ला या. ऑक्सफर्डच्याच रॅडक्लिफ इन्फर्मरी या इस्पितळात अल्बर्ट अलेक्झांडर हा पोलीस पडून आहे. चेहऱ्यावर गळवं, एक डोळा काढलेला, जंतू अंगभर पसरलेले. पेनिसिलीन सुरू होतं आणि ताप उतरतो, तो जेवू लागतो. पण माणूस उंदराच्या सुमारे 3000 पट भारी. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचतात, तरीही पाच दिवसांत साठा संपतो. आजार उलटतो आणि 15 मार्चला तो जातो.

औषध लागू पडलं होतं, पुरलं नाही. म्हणून फ्लोरी यापुढे मुलांवर भर देतात: लहान अंगाला कमी पुरतं.