काळी एक, चौथा पडदा : यंत्रासमोर बसून वाद्य शिकण्याचा इतिहास

आजचा विषय वाचून दोन-तीन जणांनी आम्हाला दारातच विचारलं, की व्हिडिओ गेम हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला? प्रश्न रास्त आहे. गेम खेळून गिटार शिकायची ही गोष्ट जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. पण तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. वाद्य शिकणाऱ्यानं कोणतं गाणं शिकायचं हे ठरवतं कोण, आणि ते गाणं त्याच्यासाठी लिहून ठेवतं कोण? हा प्रश्न आपल्याकडे निदान दीडशे वर्षं चालू आहे, आणि आपल्या चऱ्होलीत तो आम्हाला फारच जवळून भेटला. शेवटी तिथंच यायचं आहे.

सुरुवातीला शब्दांचा एक घोळ मिटवू. सतारीला पडदे असतात तसे गिटारीलाही असतात, आणि टीव्हीचाही पडदाच. म्हणून आज वाद्याच्या पडद्याला पडदा म्हणू आणि दुसऱ्याला स्क्रीन.

आपण बसलो आहोत ती जागा बघा. एका अंगाला आळंदी. तिथं विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि आजही गावोगावची पोरं आळंदीत राहून भजन, कीर्तन, पखवाज शिकतात. दुसऱ्या अंगाला चाकणचे कारखाने, आणि मधल्या माळावर आमच्यासारख्यांच्या सोसायट्या. इथं संध्याकाळी खिडकीतून पखवाजाचा ठेका येतो आणि शेजारच्या खिडकीतून कुणाच्या तरी गिटारीचं कण्हणं. पखवाज शिकणारा पोरगा आधी बोल तोंडानं म्हणतो, हातानं टाळी धरतो, आणि मग कातड्याला हात लावतो. कागद लागलाच तर आठवणीपुरता. गिटारवाला पोरगा बरोबर उलटा निघतो. आधी डोळ्यांनी बघतो बोट कुठं ठेवायचं ते. कान मागून येतो, कधी कधी येतच नाही.

हे उलटं निघणं गेममुळे सुरू झालं असं समजू नका. व्हेनिसमध्ये १५०७ साली पेत्रुची नावाच्या मुद्रकानं ल्यूट या वाद्याची पुस्तकं छापली, ती टॅब्लेचर पद्धतीनं. म्हणजे स्वर कोणता हे त्यात लिहिलेलं नाही, कितव्या तारेवर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं एवढंच लिहिलं आहे. आज गिटारवाले ज्याला 'टॅब' म्हणतात ती हीच. स्वरज्ञान नसलेल्या हौशी माणसाला घरबसल्या वाजवता यावं, हा तिचा मोठा उपयोग.

आपल्याकडे लिहिण्याची घाई सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि वर्गात शिकवायचं तर स्वर लिहिता आले पाहिजेत म्हणून स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांनीही स्वरलिपी केली आणि विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं छापली. फी भरली की वर्गात बसायचं. गुरूच्या घरी पाणी भरत बारा वर्षं काढायची अट गेली.

आणि मग भातखंडे. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला हा माणूस पेशानं वकील. आम्हाला यांच्याबद्दल थोडं जास्त बोलावंसं वाटतं, कारण पुढच्या गेमच्या गोष्टीचं बीज इथं आहे. त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, बाहेरच्याला द्यायची ती हात राखून. भातखंडे देशभर फिरले, उस्तादांची मनधरणी केली, ऐकून लिहून घेतलं, फोनोग्राफवर मुद्रित करून घेतलं, आणि त्या शेकडो बंदिशी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. कुणीही विकत घ्याव्यात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली, कालाला शून्य. पलुस्करांच्या लिपीत काळाचा हिशोब अधिक बारीक होता. भातखंड्यांची सोपी, म्हणून ती जास्त पसरली.

आक्षेप तेव्हाही आले, आणि ते खोटे नव्हते. मींड कागदावर कशी दिसणार? कंसासारखी एक रेघ काढता येते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा कुठं रेंगाळला हे त्या रेघेत नसतं. पुस्तकावरून शिकलेला गायक ओळखू येतो, असं जुने लोक म्हणत. येतोच ओळखू! पण ज्याच्या घरी कुणी गात नव्हतं त्याला दार उघडलं ते या पुस्तकांनीच, हेही तितकंच खरं.

आता एकदम पुढची उडी. यंत्र शिकवील ही कल्पनाही दिसते त्याहून जुनी आहे. १९९० मध्ये निन्टेंडोच्या टीव्ही गेमला जोडायचा एक कीबोर्ड निघाला होता, 'मिरॅकल पियानो' नावाचा. फारसा चालला नाही. १९९९ मध्ये जपानच्या कोनामीनं 'गिटार फ्रीक्स' आणला, २००५ मध्ये अमेरिकेत 'गिटार हीरो' आला आणि त्यानं धुमाकूळ घातला. पण त्यातली गिटार प्लॅस्टिकची, तारांऐवजी पाच रंगीत बटणं. तो गेम उत्तम खेळणाऱ्या पोराच्या हातात खरी गिटार दिली तर त्याला काहीच येत नसे. २०१० च्या 'रॉक बँड ३' नं मधली वाट काढून पाहिली. त्याच्या एका गिटारीला शंभराहून जास्त बटणं होती. आणि २०११ च्या ऑक्टोबरात युबीसॉफ्ट कंपनीचा 'रॉकस्मिथ' आला. त्यांनी एक साधी वायर दिली. एका टोकाला गिटारीचा जॅक, दुसऱ्या टोकाला यूएसबी. तुमची स्वतःची, खरी गिटार जोडा. यंत्र तिचा आवाज ऐकतं आणि स्वर बरोबर लागला का ते सांगतं. २०१३ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिचं नाव 'रॉकस्मिथ २०१४'. (या कंपनीचा एक स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यात आहे, आणि तिथल्या मंडळींनी 'जस्ट डान्स' या नाचाच्या गेमवर काम केलं आहे. रॉकस्मिथ मात्र सॅन फ्रान्सिस्कोचा.)

स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो. सहा तारांना सहा रंग. सर्वांत जाड तार लाल, मग पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी, जांभळी. बेसला पहिल्या चारच. लांबून रंगीत ठोकळे तुमच्या दिशेनं येतात, पडद्याचा आकडा खाली असतो, ठोकळा जवळ पोचला की ती तार त्या पडद्यावर छेडायची. म्हणजे पेत्रुचीची टॅबच, फक्त चालती केलेली. गंमत अशी की सुरुवातीला गाण्यातले थोडेच स्वर येतात. तुम्हाला जमू लागलं की यंत्र हळूच आणखी घालतं. चुकलात तर कमी करतं. अडलेला तुकडा वेगळा काढून, लय कमी करून पुन्हा पुन्हा वाजवायची सोय आहे. शिकवणीला दीड तास प्रवास करणाऱ्याला आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला याची किंमत कळेल. रात्री दीडला कोणता गुरू हो शिकवणार?

दोषही सांगायला हवेत. यंत्र स्वराला मार्क देतं, पण नको ती तार मध्येच वाजली तरी फारसं रागवत नाही. लयीत जरा पुढं-मागं झालात तरी चालवून घेतं. आम्ही एका गाण्यात नव्वद टक्क्यांवर गेलो, खुशीत स्क्रीन बंद करून तेच वाजवायला बसलो, आणि चौथ्या ओळीला अडकलो. डोळ्यांनी पाठ केलेलं डोळे मिटल्यावर गेलं. पखवाजवाल्या पोरांना हा त्रास नाही.

पण खरी अडचण गाण्यांची. गेमसोबत पन्नासेक गाणी, पुढं कंपनी विकत देई ती आणखी. बहुतेक सगळी इंग्रजी रॉक. चांगलीच होती ती, तक्रार नाही. पण मराठी एकही नाही, आणि येण्याची चिन्हंही नाहीत, कारण प्रत्येक गाण्याचा परवाना काढावा लागतो आणि जिथं गिऱ्हाईक तिथंच कंपनी परवाना काढणार. शिवाय परवान्यांना मुदत असते. ती संपली की गाणं दुकानातून जातं. म्हणजे पुन्हा तेच. ठेव घराण्याची, किल्ली त्यांच्याकडे. फक्त आता घराणं कंपनीचं.

इथं शिकणाऱ्यांनीच वाट काढली. जगभरच्या हौशी लोकांनी गेमच्या फायलींची बांधणी उलगडली आणि स्वतःची गाणी त्यात बसवायची अवजारं तयार केली. 'एडिटर ऑन फायर' नावाच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनिमुद्रण उघडायचं, मात्रा आखायच्या, कोणत्या तारेवर कोणता पडदा ते भरायचं. मग दुसऱ्या अवजारानं सोपं ते अवघड अशा पायऱ्या पाडायच्या, आणि तिसऱ्यानं सगळं बांधून गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचं. हे सर्व फुकट, रात्री जागून. भातखंड्यांचंच काम म्हणा ना. त्यांच्या कामाला लागलेला प्रश्न यालाही लागतोच, की ज्याची चीज त्याला विचारलं का? दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण असं वाटणं कायद्यात बसत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तेव्हा आवडत्या भावगीताची फाईल करून वाटावी असं मनात आलं तरी आम्ही ते केलं नाही.

आम्ही काय केलं ते आता सांगतो. आमच्या गल्लीतल्या भजनात एक बुवा तुकोबांचा एक अभंग जुन्या चालीत म्हणतात. चाल त्यांच्या चुलत्यांकडून आलेली. चुलत्यांना कुठून, ते बुवांना ठाऊक नाही. वय ऐंशीला टेकलेलं, गळा अजून गोड. ही चाल कुठं लिहिलेली नाही. शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, चाल परंपरेतली, ध्वनिमुद्रण आमचं आणि बुवांच्या परवानगीचं. म्हटलं, हाच अभंग गेममध्ये घालू आणि त्यावर बेस शिकू.

बुवा काळी एकमध्ये गातात. पेटीवाल्यांना हे सांगायला नको. बेसवर हा सा पिवळ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर येतो, आणि शेजारच्या जाड लाल तारेच्या त्याच चौथ्या पडद्यावर खर्जातला पंचम. बोट आडवं सरकवलं की झालं! आम्हाला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. पहिली ठेच पेटीनं दिली. बुवांची पेटी जुनी, अंमळ चढी. गेमचा ठरलेला स्वर ४४० कंपनांचा, आणि पेटी ४४४ च्या आसपास. सुदैवानं प्रत्येक गाण्याला वेगळा मूळ स्वर देण्याची सोय फाईलमध्ये असते. तो भरला, आणि त्या रात्री यंत्रानं आम्हाला तारा बुवांच्या पेटीला जुळवून घ्यायला सांगितल्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

दुसरी ठेच मोठी. रॉकचं गाणं बहुधा एका लयीत चालतं, म्हणून मात्रा एकदा आखल्या की काम संपतं. अभंग संथ सुरू होतो आणि चढत जातो. मध्ये बुवा थांबून एक ओळ नुसतीच आळवतात, पखवाज गप्प, मग समेवर सगळे एकदम. नऊ मिनिटांच्या मुद्रणात हजाराच्या आसपास मात्रा, आणि जवळजवळ प्रत्येक हातानं जागेवर ठेवावी लागली. तीन आठवडे गेले. पण खरं सांगतो, बेस आम्ही त्या तीन आठवड्यांतच शिकलो, गेम सुरू करण्याआधी. एकेक मात्रा शोधायला तीच ओळ शंभरदा ऐकली. बुवा कुठं श्वास घेतात, लय नेमकी कुठून उचलली जाते, ते कानात बसलं. आळवण्याच्या जागी काय भरावं यावर आमच्यात वादही झाला. शेवटी तिथं एकही ठोकळा ठेवला नाही. स्क्रीन रिकामी धावते, आणि वाजवणाऱ्यानं बुवांकडे कान देऊन थांबायचं.

एक विनोदी गोष्ट राहिली. गेम अनोळखी गाणं उघडत नाही, म्हणून घरची गाणी विकत घेतलेल्या एका गाण्याचा ओळख-क्रमांक लावून आत जातात. चालत आलेली रीत अशी की तो क्रमांक 'चेरब रॉक'चा, शिकागोच्या स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडच्या १९९३ च्या गाण्याचा. तेव्हा चऱ्होलीतला तुकोबांचा अभंग यंत्राच्या वहीत शिकागोचं रॉक म्हणून नोंदलेला आहे.

बुवांना एकदा घरी बोलावून दाखवलं. ठोकळे येताना त्यांनी दोन मिनिटं बघितलं, मग डोळे मिटून घेतले आणि मांडीवर ठेका धरला. अभंग संपल्यावर म्हणाले, "माउली, दुसऱ्या कडव्याला मी चुकलोय की. ती ओळ काका वरून घ्यायचे." मग त्यांनी ती वरून घेऊन दाखवली. आम्ही फोन काढून पुन्हा मुद्रण केलं. फाईल अजून दुरुस्त करायची आहे.