पूर्ण कवच : एका गोळीचे नाव आणि तिचे बूड

रेणापूर येथील एका जुन्या घराची मातीची भिंत उतरविताना सापडलेली बंदुकीची एक गोळी काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आली. घरातील मंडळी तिला ‘दमदमची गोळी’ म्हणत आणि ती १९४८ सालातील, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षातील, असल्याचे सांगत. असे कशावरून, हे विचारता त्यांनी गोळीचे एक टोक दाखविले. तांबूस आवरणाच्या आत तेथे करडे शिसे उघडे दिसत होते. ज्या गोळीचे शिसे उघडे ती दमदमची, हा त्यांचा तर्क होता. तर्क सरळ होता. परंतु ते उघडे टोक गोळीचे अग्र नव्हते, बूड होते. अग्र पूर्णपणे झाकलेले होते. म्हणजे ज्या खुणेवरून ती दमदमची ठरविली गेली, तीच खूण ती ‘पूर्ण कवचा’ची असल्याची साक्ष देत होती.

ही चूक एका कुटुंबापुरती नाही. साक्षी आणि आठवणी गोळा करून इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाकडूनही ती सहज होऊ शकते. किंबहुना शब्द त्याला त्याच वाटेने नेतात. हातात गोळी धरून ती वस्तू आणि तिचे नाव यांतील अंतर तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हे अंतर नेमबाजांना इतिहासकारांच्या बरेच आधी कळले होते, असे दिसून येईल.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ एका कवचयुक्त फळाचा. पुढे त्या फळासारख्या दिसणाऱ्या मातीच्या वा धातूच्या गोळीला ते नाव मिळाले आणि अखेरीस ती गोळी उडविणाऱ्या हत्याराला. म्हणजे नावाच्या इतिहासात गोळी आधी आणि शस्त्र नंतर. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आलेला. दारू आणि गोळी एकत्र बांधण्याची युक्ती समुद्रमार्गे आली, तिचे नावही त्याच मार्गाने आले. मराठी बोलण्यात मात्र ‘गोळी’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो : पितळी नळकांडे, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि शिसे मिळून होणारे सबंध काडतूसही गोळीच, आणि त्यातून सुटून जाणारा शिशाचा तुकडाही गोळीच. प्रस्तुत लेखात गोळी म्हणजे केवळ हा सुटून जाणारा भाग होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोळी उघड्या शिशाची असे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने निर्धूम दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लबेल रायफलीत ती प्रथम वापरात आली. गोळीचा वेग एकदम वाढला. त्या वेगात मऊ शिसे नळीतील पिळाच्या खाचा धरून ठेवीना. ते घासून नळीतच साचू लागले. स्वित्झर्लंडमधील थून येथे एडुआर्ड रुबिन याने १८८२ च्या सुमारास शिशावर तांब्याचे कवच चढविण्याचा मार्ग दाखविला होता. तो आता सर्व सैन्यांनी उचलला. कवचाचा जन्म हा असा यांत्रिक निकडीतून झाला. भूतदयेचा त्याच्याशी प्रारंभी काही संबंध नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तो संबंध नंतर जोडला गेला, आणि त्याला निमित्त हिंदुस्थानच झाला. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजी सैन्याच्या नव्या ०·३०३ इंची कवचयुक्त गोळ्या शरीरातून आरपार जातात, पण धावून येणारा माणूस थांबत नाही, अशी तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्याचे अधिकारी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर उपाय म्हणून गोळीच्या अग्रावरील कवच थोडे कमी करून तेथील शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच पसरे. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने अशा गोळ्यांना मनाई करणारी घोषणा केली. ब्रिटनने तेव्हा तिला विरोध केला आणि १९०७ साली तिचा स्वीकार केला.

भाषेच्या अभ्यासकाला या घोषणेतील शब्दयोजना विशेष विचारात घ्यावी लागते. शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या तीत निषिद्ध ठरविल्या असून, ज्यांचे कठीण कवच गाभ्याला संपूर्णपणे झाकीत नाही अशा गोळ्या हे त्यांचे एक उदाहरण दिले आहे. हे उदाहरण अक्षरशः घेतले तर जगातील जवळजवळ प्रत्येक सैन्याची गोळी निषिद्ध ठरेल. कारण सैनिकी गोळीचे कवच गाभ्याला संपूर्णपणे झाकीत नाहीच. बुडाशी ते उघडे असते. घोषणेचा रोख अग्रावर आहे. ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘पुढून पूर्ण’ एवढाच आहे, आणि ‘पुढून’ हा शब्द मात्र नावात नाही.

बूड उघडे का राहते? गोळी घडविताना तांबे-जस्ताच्या मिश्रधातूच्या पत्र्याची एक वाटी घेतात आणि साच्यांतून ओढून तिची लांबट, एका अंगाने बंद अशी नळी करतात. बंद अंग पुढे ठेवावयाचे तर शिशाचा गाभा मागून भरावा लागतो आणि मग कवचाची कडा बुडाच्या शिशावर दुमडावी लागते. बंद अंग मागे ठेवावयाचे तर गाभा पुढून भरावा लागतो आणि अग्राशी बारीक छिद्र उरते. वाटीला तोंड एकच. ते पुढे ठेवावे की मागे, एवढाच निर्णय कारागिराच्या हाती असतो. यातच एक धोकाही दडलेला आहे. सैनिकी गोळीचे अग्र कानशीने घासून जो तिला ‘दमदम’ करू पाहतो, तो कवच दोन्ही अंगांनी उघडे करतो. मागील वायूच्या दाबाने गाभा पुढे निघून कवच नळीतच अडकू शकते, आणि पुढचा बार उडविणाऱ्याच्याच जिवावर बेततो.

ज्या देशांत नेमबाजांना स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याची मोकळीक आहे, तेथे या दुमडलेल्या बुडाचा प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत.) पूर्ण कवचाच्या गोळ्या स्वस्त आणि मुबलक मिळतात, मात्र त्यांचा नेम सारखा राहत नाही, हा त्यांचा अनुभव होता. याचे कारण अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी दीर्घ प्रयोगांनंतर १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले आहे. गोळ्यांची अग्रे मुद्दाम विद्रूप केली तरी नेम फारसा ढळत नाही. बूड थोडे जरी तिरपे झाले तरी तो ढळतो, असे त्यांना आढळले. नळीच्या तोंडातून गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागील वायू तिच्या बुडाभोवतून निसटतो. बूड अक्षाशी काटकोनात असेल तर तो सर्व बाजूंनी सारखा निसटतो. नसेल तर गोळीला एका बाजूने धक्का बसतो.

याला फिरकीची जोड असते. ०·३०३ रायफलीच्या नळीत दर १० इंचांस एक पीळ. मार्क ७ गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट. म्हणजे गोळी सेकंदाला २,९०० हून अधिक फेरे घेते. कवचाची जाडी एका बाजूस किंचित अधिक असली, किंवा गाभ्यात पोकळी राहिली, तर गुरुत्वमध्य अक्षावरून सरकतो आणि एवढ्या फिरकीत तो दोष पुष्कळ वाढून दिसतो. म्हणून जाणता नेमबाज गोळ्या केवळ तोलून थांबत नाही. दोन गोळ्या वजनाने अगदी सारख्या असूनही एकीचा भार मध्यावर आणि दुसरीचा कडेला असू शकतो. तो बुडाची दुमड सर्वत्र सारखी आहे की नाही ते पाहतो, गोळी फिरवून तिची डुगडुग तपासतो, व्यास मोजतो, एकाच घाणीतील गोळ्या एकत्र ठेवतो, आणि अखेरचा निर्णय कागदी लक्ष्यावर सोपवितो.

पूर्ण कवच म्हणजे सदोष नेम, असा मात्र याचा अर्थ नव्हे. फिनलंडमधील लापुआ येथील डी-४६ ही पूर्ण कवचाची गोळी स्पर्धांत मान्यता पावली. अमेरिकन सैन्याचे १७३ ग्रेनच्या गोळीचे नेमबाजीचे काडतूसही त्याच जातीचे होते. दुमड काळजीने घातली तर बूड सुधारते. परंतु तीच अचूकता बंद बुडाच्या गोळीत कमी सायासाने साधते, म्हणून स्पर्धक हळूहळू तिच्याकडे वळले. गंमत अशी की, या गोळीच्या अग्राशी असलेल्या छिद्रामुळे ती दिसावयास निषिद्ध गोळीसारखी. म्हणून १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये अमेरिकन सैन्याच्या विधिज्ञांना तिची तपासणी करावी लागली. ते छिद्र पसरण्यासाठी नसून केवळ घडणीचा अवशेष आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. रेणापूरच्या घरातील तर्काचेच हे दुसरे रूप होय : तेथे उघड्या बुडाला अग्र समजले गेले, येथे उघड्या अग्राला हेतू समजले जाण्याचा संभव होता.

आणखी एक नाव तपासावयास हवे. पोलीस ठाण्यापासून शेताच्या बांधापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले ‘थ्री नॉट थ्री’ हे गोळीचे माप आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ०·३०३ इंच हे नळीतील खाचांमधल्या उंचवट्यांवरचे माप होय. गोळी खाचांत घट्ट बसावयाची, म्हणून तिचा व्यास ०·३११ इंचाच्या आसपास असतो. नावावर विसंबून ०·३०८ इंची गोळी निवडणाऱ्याचा नेम चुकतो. त्याचप्रमाणे सापडलेली गोळी मोजून ती ०·३०३ भरत नाही, म्हणून ती त्या रायफलीची नव्हे असे म्हणणाऱ्या इतिहासकाराचाही चुकतो.

आता पुन्हा त्या भिंतीतील गोळीकडे वळू. तिचे बूड आखूड दुमडीचे, अग्र टोकदार व अखंड, व्यास सुमारे ७·९ मिलिमीटर. १९१० पासून प्रचारात असलेल्या १७४ ग्रेनच्या मार्क ७ गोळीशी ही लक्षणे जुळतात. या गोळीच्या अग्रात कवचाखाली अॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ असे आणि भार मागे असे. त्यामुळे कवच पूर्ण असूनही शरीरात शिरल्यावर ती उलटून मोठी जखम करी. यास्तव एखाद्या साक्षीत जखम भयंकर होती, म्हणून गोळी दमदमचीच असली पाहिजे, हे अनुमान टिकत नाही. जखमेची साक्ष खरी मानावी. गोळीचे नाव मात्र साक्षीदाराचे अनुमान म्हणून वेगळे नोंदवावे.

ती गोळी कोणी झाडली, हे तिच्यावरून सांगता येत नाही. संस्थानी सैन्य आणि सप्टेंबर १९४८ मध्ये आलेले भारतीय सैन्य, दोहोंकडे याच मापाच्या रायफली होत्या. कारखान्याची खूण, उदाहरणार्थ १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे, पितळी नळकांड्याच्या बुडावर असते, गोळीवर नव्हे. नळकांडे झाडणाऱ्याच्या पायाशी पडते आणि गोळी दुसऱ्याच्या भिंतीत रुतते. पुराव्याचे हे दोन तुकडे क्वचितच एकत्र सापडतात.

त्या घरातील मंडळींना हे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. दमदमचे नाव गेल्याने त्यांच्या आठवणीचे मोल काही उणे झाले नाही. उलट तिच्यातील खरा भाग अधिक ठसठशीत झाला. मराठवाड्यातील त्या वर्षाच्या आठवणी आता थोड्याच जिवंत कंठांत उरल्या आहेत. त्या नोंदविणाऱ्या विद्यार्थ्यांनी शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, आणि वस्तू हाती लागली तर ती उलटी करून तिचे बूडही पाहावे.