तगाई ते शेळीगट

तुळजापूर तालुका बालाघाटाच्या माथ्यावर आणि उतारावर पसरलेला. शेती पावसाच्या भरवशावर, आणि पावसाचा भरवसा नाही. त्यामुळे कष्टकऱ्याच्या घरची खरी ठेव म्हणजे दारातली काळी उस्मानाबादी शेळी. दवाखाना निघाला, शाळेची फी भरायची झाली, की करडू बाजारात जाते. ज्याला शेळी घेणे परवडत नाही, तो दुसऱ्याची वाट्याने सांभाळतो. वेतातली निम्मी करडे मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. ना कागद, ना जामीनदार.

सरकारी मदत मात्र पहिल्यापासून कागदाचा हात धरून आली.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात इंग्रजी अंमल होता. तिथे 1883 च्या कायद्याने विहीर-बांधबंदिस्तीसाठी आणि 1884 च्या कायद्याने बी-बियाणे, बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळू लागली. तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तगाईचा शब्द आणि रिवाज तिथेही होताच. या कर्जाला तारण बहुधा जमिनीचे. जमीन बापाच्या नावावर, मग तरण्या मुलाची पत कोण धरणार? भूमिहीनाचा तर प्रश्नच नव्हता.

शेळीला ही अडचण नव्हती, आणि हे सरकारच्या ध्यानात यायला सत्तरचे दशक सरत आले. 1978 मध्ये राज्याने शेळी-मेंढी विकास महामंडळ स्थापन केले. चांगल्या जातीची पैदास करून ती पशुपालकांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. त्याचे एक प्रक्षेत्र तुळजापूर तालुक्यातल्या तीर्थ गावी झाले, म्हणजे उस्मानाबादी शेळीच्या माहेरीच. 15 ऑगस्ट 1979 रोजी केंद्राची ‘ट्रायसेम’ योजना आली. तिचा भर 18 ते 35 वयाच्या ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देण्यावर होता. 2 ऑक्टोबर 1980 पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकासगटांत पोहोचला आणि बँकेचे कर्ज, सरकारचे अनुदान असे मिळून गरिबाच्या दारी म्हैस किंवा शेळ्या येऊ लागल्या. 1999 मध्ये या दोन्ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाल्या.

पण सरकारचा एक हात शेळी देत होता, तर दुसरा तिला हाकलत होता. पाणलोटाच्या कामात शेळी म्हणजे कोवळ्या रोपांची वैरीण. 1992 च्या आदर्श गाव योजनेने कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदीचीही अट घातली. रान बंद झाले तशी शेळी गोठ्यात आली. बंदिस्त शेळीपालन म्हणजे गव्हाण, शेवरी-सुबाभळीचा पाला, वेळच्या वेळी लसीकरण आणि लेंडीखताची विक्री. राखणीचे काम अशा रीतीने हिशेबाचे झाले.

त्या हिशेबाचे नेटके रूप म्हणजे ‘दहा अधिक एक’: दहा शेळ्या, एक बोकड. राज्य सरकारच्या 2021 मधल्या दरांनुसार उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी 8,000 रुपयांची, बोकड 10,000 रुपयांचा. विमा धरून गटाची किंमत 1,03,545 रुपये. सर्वसाधारण लाभार्थ्याला निम्मे अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के. लाभार्थी निवडताना अल्पभूधारकांबरोबर सुशिक्षित बेरोजगारांचाही विचार होतो. जनावराच्या कानात बिल्ला असतो. शेळी दगावली तर विम्यासाठी हा बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला दाखवावा लागतो.

2021 मध्येच केंद्राचे राष्ट्रीय पशुधन अभियान नव्या रूपात आले आणि भाषाच बदलली. लाभार्थ्याचा ‘उद्योजक’ झाला. 100 शेळ्या व 5 बोकडांच्या प्रकल्पापासून 500 शेळ्या व 25 बोकडांपर्यंत 50 टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त 50 लाख रुपये. पूर्वी कुटुंबाला दुष्काळातून तारणारी शेळी आता पैदाशीचा कारखाना उभारणार होती.

या प्रकल्पाला जागा लागते, स्वतःची नाही तर भाडेपट्ट्याची. बँकेचे कर्ज मंजूर झालेले लागते किंवा स्वतःचा पैसा. तगाईच्या काळात तारण म्हणून मागितली जाणारी जमीन अशी मागच्या दाराने परत आली. मग ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि ज्याला बँकही दारात उभे करत नाही, तो पोरगा शेजाऱ्याच्या दोन शेळ्या निम्म्या वाट्याने घेऊन बांधावर पाला तोडत राहतो.