"जागा चांगली हाय, पण वस्ती मिक्स हाय": खामगावच्या जुन्या गल्ल्या, जुने कागद आणि शेजार

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण जुन्या गावात ज्यांचं घर आहे, किंवा घ्यायचं आहे, किंवा विकायचं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडे जुन्या गावातलं घर विक्रीला निघालं की दलाल दोन वाक्यांत त्याची कुंडली मांडतो. "जागा चांगली हाय भाऊ, बाजार दोन पावलांवर. पण वस्ती मिक्स हाय." या 'पण'पाशी भाव खाली येतो. भिंती मजबूत आहेत की नाहीत, विहिरीला पाणी आहे की नाही, आखीव पत्रिकेवर नाव कोणाचं आहे, हे प्रश्न मागे पडतात. शेजारी कोण, हा एकच प्रश्न उरतो.

मी खामगावच्या जुन्या भागात राहतो. ओळखीच्यांसाठी घरं बघायला जाणं आणि त्यांचे कागद वाचणं हा गेल्या काही वर्षांत माझा उद्योगच झाला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आज जिला आपण दोष म्हणून 'मिक्स वस्ती' म्हणतो, तिच्यामुळेच हे गाव शहर झालं. ती नसती तर खामगाव आज आजूबाजूच्या शंभर खेड्यांसारखं एक खेडं असतं.

थोडा इतिहास बघू.

साधारण १८२० च्या सुमारास इथं काही व्यापाऱ्यांनी दुकानं टाकली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस, एवढाच व्यवहार. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याचा पायाही आपल्याच जिल्ह्यात घातला गेला: १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढं १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार निजामाकडून काढून घेतला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आली. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच वर्षी खामगावात नगरपालिका झाली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फक्त कापसासाठी सुमारे आठ मैलांचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावसारख्या गावात व्हाइसरॉय! यावरून इथल्या बाजाराचं वजन लक्षात घ्या.

आता हा बाजार चालवला कोणी? कापूस पिकवला इथल्या कुणबी, माळी आणि इतर शेतकऱ्यांनी. तो विकत घेऊन पुढं पाठवला मारवाडी आणि गुजराती अडत्यांनी. स्वित्झर्लंडच्या व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्यांनी आपली माणसं इथं पाठवली. जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबले सगळ्या जातीधर्मांचे मजूर. गाड्या हाकणारे, रुई पिंजणारे, हमाल, सोनार, शिंपी, अत्तरवाले, खाटीक, भटजी, मौलवी, सगळे त्या रुईच्या मागं आले. चांदीचं काम इतकं वाढलं की आज खामगावला 'रजतनगरी' म्हणतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, त्यांनी कापड आणि किराण्याची दुकानं थाटली. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती १८ हजारांवर होती. २०११ मध्ये ती ९४ हजारांवर गेली. म्हणजे इथले बहुतेक सगळेच कधी ना कधी बाहेरून आलेले. कोणी आजोबांच्या काळात, कोणी खापरपणजोबांच्या. फरक एवढाच.

आणखी एक गंमत. खामगाव तालुका मुळात बुलढाणा जिल्ह्यातच नव्हता. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. तेव्हा 'आम्ही इथलेच' हे म्हणताना जरा जपून.

गावाची नावंच बघा ना. कोजागिरीपासून जिचा शांती उत्सव सुरू होतो ती आपली मोठी देवी कुठं बसते? जलालपुऱ्यात. नाव जलालपुरा, उत्सव जगदंबेचा, आणि ते ऐकून कोणाच्याही कपाळावर आठी पडत नाही.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे कागदांवर.

खरेदीखतात 'चतु:सीमा' नावाचा एक भाग असतो. पूर्वेस कोणाचं घर, पश्चिमेस कोणाचं, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस कोणाची भिंत. जुनी खतं वाचताना मी आधी हाच भाग वाचतो. एकाच खतात पूर्वेला पाटील, पश्चिमेला शेख, उत्तरेला अग्रवाल असं सापडतं. भिंत सामायिक, पन्हाळीचं पाणी कोणाच्या बाजूनं जायचं तेही लिहिलेलं. शेजारी हा त्या दस्ताचा भागच असायचा.

पण खोटं चित्र रंगवायचं नाही. ही सरमिसळ सगळ्यांसाठी नव्हती. दलित वस्त्या गावाच्या कडेला होत्या, आणि आतल्या गल्लीत त्यांना पैसे असूनही घर मिळत नव्हतं. परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हाकलून दिलं गेलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा 'जुन्या काळी सगळे गुण्यागोविंदानं राहायचे' असं म्हणणाऱ्यानं चतु:सीमेत कोणाची नावं नाहीत तेही बघावं.

शेजारी निवडण्याचा हक्क हा आपल्या कायद्यातला जुना विषय आहे. मुस्लिम कायद्यात त्याला 'हकशुफा' म्हणतात: शेजारचं घर विकायला निघालं तर परक्याच्या आधी शेजाऱ्याला ते घेण्याचा हक्क. काही प्रांतांत हिंदूंमध्येही ही रूढी होती. आपल्या वऱ्हाडच्या १९२८ च्या जमीन महसूल कायद्यातसुद्धा अग्रहक्क होता, मात्र तो सामायिक भोगवटादारांपुरता. हा सगळा प्रश्न १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं गेला, 'भाऊराम विरुद्ध बैजनाथ' या प्रकरणात. त्यात इतर प्रांतांच्या कायद्यांसोबत आपला वऱ्हाडचा कायदाही तपासला गेला. कोर्टानं सरळ फरक केला. सामायिक मालकीत परका घुसला तर भांडणं वाढतात, म्हणून सहहिस्सेदाराचा अग्रहक्क चालेल. पण केवळ 'मी शेजारी आहे' म्हणून दुसऱ्याची खरेदी मोडता येणार नाही. अशा हक्काचं खरं कारण वेगळ्या धर्माच्या, जातीच्या माणसाला वस्तीत येऊ न देणं हेच होतं आणि राज्यघटनेनंतर ते टिकत नाही, असं कोर्टानं म्हटलं.

म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ झाला, शेजाऱ्याला 'कोण यावा' हे ठरवायचा कायदेशीर हक्क नाही. आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात तो हक्क दलालाच्या तोंडी चालतो.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुस्लिम मित्राला गावाबाहेरच्या एका लेआउटमध्ये 'प्लॉट बुक झाला' असं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तोच प्लॉट मला मोकळा म्हणून दाखवला. उलटंही होतं. एका मोहल्ल्यात एका म्हाताऱ्या बाईंना घर विकायचं होतं, चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, पण गल्लीतल्या चार जणांनी बसून सांगितलं की आपल्याच माणसाला द्या. आपल्या माणसानं भाव पाडून घेतलं. नुकसान कोणाचं झालं? त्या बाईंचंच. ज्यांच्या 'रक्षणासाठी' हे केलं, त्यांचंच.

हा साधा हिशेब आपल्या लक्षात येत नाही. दहा गिऱ्हाइकांपैकी आठ जणांना आडनावावरून दारातूनच परत पाठवलं की उरलेले दोघं भाव ठरवतात. भीती पसरली की घाईघाईनं विकणारे वाढतात आणि स्वस्तात घेणारा एखादाच गब्बर होतो. बऱ्याचदा 'वस्ती बदलतेय हो' ही कुजबूज सुरू करणारा आणि पुढं तीच घरं घेणारा एकच निघतो.

गुजरातमध्ये यासाठी कायदाच आहे, त्याला तिकडं 'अशांत धारा' म्हणतात. जाहीर केलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही. हेतू होता दंगलीनंतर लोकांना घाबरवून घरं लाटली जाऊ नयेत हा. पण तीस-पस्तीस वर्षांत तिथले मोहल्ले पुन्हा मिसळले नाहीत, वेगळेच राहिले, अशी टीका त्यावर होते. आणि कायदा सगळीकडं आपल्या बाजूनं आहे असंही समजू नका. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा 'सभासद फक्त पारशीच' हा नियम वैध ठरवला. म्हणजे सोसायटी करून दार लावून घ्यायची वाट उघडी आहे. मात्र अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथं 'आमची सोसायटी, आमचे नियम' चालत नाही.

आता जे खरंच जुन्या गावात घर घेणार आहेत त्यांच्यासाठी. शेजाऱ्याचं आडनाव विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारा. जुन्या घरात माणूस फसतो तो इथंच.

पहिला, जमीन कोणाची? विदर्भातल्या शहरांत बऱ्याच जागा नझूलच्या आहेत. म्हणजे घर तुमचं, जमीन सरकारची, आणि पट्टा ठरावीक वर्षांचा. कित्येक पट्ट्यांची मुदत संपून गेली आणि घरात कोणाला पत्ताही नाही. २०२४ मध्ये सरकारनं नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी विशेष अभय योजना आणली: बाजारमूल्याच्या २ टक्के रक्कम भरून जमीन मालकी हक्कानं करून घ्यायची. योजना मुदतीची आहे, त्यामुळे सध्याची तारीख भूमी अभिलेख किंवा तहसील कार्यालयात जाऊन विचारा. इसार देण्याआधी विचारा, नंतर नाही.

दुसरा, वारस किती? आजोबांच्या नावावर असलेल्या घरात आज वीस वारस निघतात. आत्यांची नावं सोडून केलेली खरेदी पुढं कोर्टात जाते. एका भावाचा न वाटलेला हिस्सा परक्यानं घेतला आणि वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे राहत्या घरातला तो हिस्सा परत विकत घ्यायची मागणी कुटुंबातले इतर हिस्सेदार करू शकतात. हा अग्रहक्क मात्र आजही जिवंत आहे.

तिसरा, आत कोण राहतं? आपल्याकडे १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे आदेश कित्येक दशकं लागू होता. भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. म्हणून जुन्या घरात तीन पिढ्यांचे भाडेकरू सापडतात. २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, पण घर विकलं म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही. त्याचं संरक्षण नव्या मालकाविरुद्धही कायम राहतं.

चौथा, चतु:सीमा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का? नगर भूमापनाचा नकाशा काढा, मोजणी करून घ्या, निदान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. आणि मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा. त्यांच्यासोबत चहा घ्या. माझा अनुभव सांगतो, त्या एका तासात घराबद्दल जे कळतं ते कोणताच दलाल सांगत नाही. पन्हाळीचं भांडण कधीचं आहे, पावसाळ्यात पाणी कुठून शिरतं, मागच्या मालकानं दुसऱ्या कोणाकडून इसार घेतला होता का, सगळं कळतं. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पहिली हाकही त्याच भिंतीपलीकडं जाते. तेव्हा भिंतीपलीकडचा माणूस कसा आहे हे जरूर बघा. कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कळून त्यातलं काहीच कळत नाही.

जुन्या गावातली माणसं आता बाहेरच्या प्लॉटवर जातायत. पार्किंग हवं, रुंद रस्ता हवा, मोकळी हवा हवी, त्यात गैर काहीच नाही. पण बाहेरची प्रत्येक नवी कॉलनी एकाच समाजाची होत गेली, तर वीस वर्षांनी आपल्या पोरांना दुसऱ्याच्या घरातला सण फक्त मोबाइलवर दिसेल. कापसाच्या बाजारानं दीडशे वर्षांपूर्वी जी माणसं एका गल्लीत आणली, ती आपण प्लॉट पाडून वेगळी करतोय, आणि त्याची किंमतही स्वतःच्याच खिशातून भरतोय.

घरात जुनं खरेदीखत असेल तर आज काढून चतु:सीमा वाचा. मोडीत असेल तर वाचणारा शोधा. आजोबांनी घर घेतलं तेव्हा चारही बाजूंना कोण राहत होतं ते पोरांना दाखवा. आणि पुढच्या वेळी कोणी "वस्ती मिक्स हाय" म्हणालं, तर त्याला सांगा, "मंग? गाव कायनं झालं बाप्पा?"